पाहुण्याला किल्ली देण्याआधी

  ज्यांचं काम अजून आवरलं नाही, त्यांनी भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल.

एरवी आम्ही इथे बचतीबद्दल बोलतो. हप्ता, व्याज, बँकेचं कर्ज, शेळ्यांचा विमा. आजचा विषय थोडा वेगळा आहे. एका घराबद्दल बोलायचं आहे. ते घर आमच्या गटातल्या एका आजींचं आहे. पण त्या घरापर्यंत पोचण्यासाठी आधी आपल्याला फार लांब, थेट ऑस्ट्रेलिया देशातल्या एका खेड्यात जाऊन यावं लागणार आहे. ते का, हेही सांगतो.

आजींचं घर चार खणांचं, माळवदी. भिंती दगडमातीच्या, वर सागवानी तुळया, त्यावर कडीपाट आणि पांढऱ्या मातीचं माळवद. आजींचे मालक जाऊन नऊ वर्षं झाली. दोन्ही मुलगे शहरात. आजी धाकट्या दिरांच्या शेजारी दोन पत्र्याच्या खोल्यांत राहतात आणि मोठं घर कुलूप लावून बंद आहे. दर पावसाळ्यात एक कोपरा खचतो. मागच्या दिवाळीत जुनं लाकूड विकत घेणारा एक व्यापारी येऊन तुळया मोजून गेला. रक्कम बरी सांगितली. मुलगे म्हणाले, विकून टाकू.

त्यानंतर महिनाभरातच शहरातून चित्रकलेचे एक शिक्षक आले. म्हणाले, हे घर आम्हाला भाड्याने द्या. डागडुजी आम्ही करतो. एकेक चित्रकार इथे महिनाभर येऊन राहील, काम करेल आणि जाईल. याला ते ‘रेसिडेन्सी’ म्हणतात. आपल्या भाषेत कलाकाराचा मुक्काम म्हणू. जेवणाचे पैसे गटाला देऊ, असंही ते म्हणाले.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला आणि एकदम गलका झाला. एक म्हणाली, “चित्रं काढायला आपलंच गाव सापडलं होय?” दुसरी म्हणाली, “आपली फाटकी गोधडी काढतील आणि शहरात नेऊन विकतील.” तिसरी म्हणाली, “परका माणूस महिनाभर गावात राहणार. वयात आलेल्या पोरी आहेत घरात.” आणि एकीने हिशोबाचं विचारलं, “आपल्याला ताटामागे किती सुटणार?” आजी मात्र गप्प होत्या.

जाताना ते शिक्षक एका गावाचं नाव सांगून गेले होते. हिल एंड. तिथे अशीच घरं आहेत आणि तिथे हे कित्येक वर्षं चालू आहे, म्हणाले. आम्ही ठरवलं, हो किंवा नाही म्हणण्याआधी त्या गावाचं काय झालं ते बघू. कोणी नवीन बियाणं आणलं, तर आपण आधी ते पेरलेल्याच्या शेतात जाऊन बघतो, तसंच हे. मोबाइलवर वाचलं, इंग्रजी अडलं तिथे कॉलेजात जाणाऱ्या मुलींना विचारलं. जे कळलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स नावाचं राज्य आहे. सिडनी हे तिथलं मोठं शहर, आपल्या मुंबईसारखं. तिथून आत, डोंगराळ भागात, बाथर्स्ट नावाच्या शहराच्या पलीकडे हिल एंड हे गाव आहे. ही सगळी भूमी मुळात विराजुरी या आदिवासी लोकांची. इंग्रज तिथे मेंढ्या घेऊन घुसले, तेव्हा मोठा संघर्ष झाला. १८२४ साली तर बाथर्स्ट भागात इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला होता. ही गोष्ट सोन्याच्या आधीची आहे. पण ती आधी सांगायला हवी, नाहीतर तिथे पूर्वी कुणी राहतच नव्हतं असं वाटेल.

१८५१ साली त्या भागात सोनं सापडल्याची बातमी फुटली आणि माणसांचे लोंढे आले. इंग्लंडमधून, जर्मनीतून, चीनमधून. सुरुवातीचं सोनं नदीनाल्यांच्या गाळात होतं. आपल्याकडे सराफ बाजाराच्या गटारातली माती धुऊन सोन्याचा कण काढणारे झारेकरी असतात ना, तसंच काम, पण नदीच्या काठावर. गाळातलं सोनं संपत आलं, तेव्हा लोक खडकात शिरले. गारगोटीच्या दगडाच्या शिरांमध्ये सोनं अडकलेलं असतं. खोल खड्डे खणायचे, सुरुंग लावायचे, दगड वर काढायचा, यंत्राने कुटायचा आणि त्यातून सोनं वेगळं करायचं. १८७०च्या सुमारास हिल एंडला या खडकातल्या सोन्याची भरभराट आली आणि गावात आठ हजारांच्या आसपास माणसं झाली. दुकानं, बँका, दारूचे गुत्ते, सगळं आलं.

१९ ऑक्टोबर १८७२च्या रात्री ‘स्टार ऑफ होप’ नावाच्या खाणीत, म्हणजे आशेचा तारा, रात्रपाळीच्या कामगारांना सुरुंगानंतर एक प्रचंड शिळा दिसली. वजन २८६ किलो. सिमेंटची जवळजवळ सहा पोती समजा. उंची साधारण पाच फूट. आणि त्यात सोनं किती? सुमारे ९३ किलो. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर नऊ हजार तीनशे तोळे. आपल्या तालुक्यातल्या सगळ्या बायकांचे मणी-डोरलं एकत्र केलं तरी काय भरेल कोण जाणे.

त्या शिळेला नाव पडलं होल्टरमनचं. बर्नहार्ट होल्टरमन हा जर्मनीहून आलेला माणूस, खाणीच्या भागीदारांपैकी एक. शिळा काढली रात्रपाळीच्या कामगारांनी, नाव लागलं भागीदाराचं. हे काही आपल्याला नवीन नाही. शिळेवर हात ठेवून तो उभा आहे असा एक फोटो जगभर प्रसिद्ध आहे. पण तो फोटोसुद्धा जोडकाम आहे. शिळेचा फोटो वेगळा, माणसाचा वेगळा, आणि दोन्ही एकत्र बसवलेले. होल्टरमनला ती शिळा अखंड ठेवायची होती, जास्त पैसे देऊन विकत घ्यायलाही तो तयार होता. ते जमलं नाही. शिळा फोडून, कुटून, सोनं काढून घेतलं गेलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत सोनं आटलं. जसे आले तसे लोक निघाले. आठ हजारांचं गाव ओस पडत गेलं. आज तिथे शंभराच्या आसपास माणसं राहतात.

मैत्रिणींनो, सोन्याचा एवढा मोठा कारभार झाला, पण गावात त्यातलं काय उरलं? सोनं तर एक गुंजही उरलं नाही. दोन गोष्टी उरल्या. एक म्हणजे काही घरं. दुसरी गोष्ट आहे फोटो.

फोटोंची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्या १८७२च्या वर्षात ब्यूफॉय मर्लिन आणि चार्ल्स बेलिस हे दोन फोटोग्राफर गावात होते. तेव्हा फोटो काचेवर निघायचा. ते घोडागाडीत सामान घालून गल्लोगल्ली फिरायचे आणि घरापुढे घरच्या माणसांना उभं करून फोटो काढायचे. झाडाच्या सालीचं छप्पर असलेल्या झोपडीपुढे झग्याला पोरं बिलगलेली आई उभी आहे, दुकानाच्या पायरीवर मालक आणि गिऱ्हाईक उभे आहेत, असे ते फोटो. होल्टरमनला सोन्याचे पैसे मिळाले, त्यातून त्याने या कामाला पैसा पुरवला. मर्लिन १८७३ साली वारला, बेलिसने काम पुढे चालवलं. पुढे या काचा विस्मरणात गेल्या. १९५१ साली सिडनीतल्या एका घराच्या परसातल्या शेडमध्ये सुमारे साडेतीन हजार काचा सापडल्या. आज त्या तिथल्या राज्य ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. काचेवरचा फोटो इतका बारीक की, मोठा करून पाहिला तर दुकानातल्या पाट्याही वाचता येतात.

हे सांगण्याचं कारण असं, की त्या फोटोंत माणसं आपल्या दारात, आपल्या पायावर ताठ उभी आहेत. घर पत्र्याचं असेल, सालीचं असेल, पण दार त्यांचं आहे. कॅमेरावाल्याकडे ती सरळ बघताहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चित्रकारांकडे येऊ. १९४७ साली रसेल ड्रायस्डेल आणि डोनाल्ड फ्रेंड हे दोन चित्रकार फिरत फिरत सोफाला आणि हिल एंड या जुन्या सोन्याच्या गावांत आले. ड्रायस्डेल यांनी त्याआधी १९४४च्या मोठ्या दुष्काळात वर्तमानपत्रासाठी फिरून चित्रं काढली होती. वाळलेली झाडं, मेलेली जनावरं. दुष्काळ आपल्याला काही सांगायला नको. सोफाला गावाच्या रिकाम्या रस्त्याचं त्यांनी काढलेलं चित्र त्या वर्षीच्या मोठ्या बक्षिसाचं मानकरी ठरलं. पुढच्याच वर्षी त्यांनी हिल एंडवरून एक चित्र काढलं, ‘द क्रिकेटर्स’. पडक्या गावातल्या उंच भिंतीपुढे क्रिकेट खेळणारी पोरं, आणि एक जण नुसता उभा राहून बघतोय. आपल्या शाळेमागच्या भिंतीपाशी रोज संध्याकाळी दिसतं तेच. पण ते चित्र ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात नावाजलेल्या चित्रांपैकी एक झालं.

फ्रेंड यांनी तिथे एक घर घेतलं आणि ते राहायलाच आले. मग एकामागून एक चित्रकार येत गेले. मार्गारेट ऑली ही तरुण चित्रकर्ती १९४८ साली तिथे आली, तिने पडक्या घरांची चित्रं काढली. १९५४ साली जीन बेलेट आणि त्यांचे पती पॉल हेफ्लिगर यांनी तिथलं एक घर घेतलं. खाणकामगाराच्या राहणीचं साधंसं घर.

ही घरं कशी, तर बरीचशी कुडाची. हो, आपल्या कुडासारखीच. काठ्यांचा, फोकांचा ताटवा करायचा आणि वरून माती लिंपायची. सोन्याच्या गावातली घरंसुद्धा मातीचीच होती, हे वाचून आमच्या बैठकीत आजी पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, “मग त्यांचीबी दर साली लिंपायला लागत असतील.”

जीन बेलेट यांच्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आमच्या कामाची गोष्ट त्यांच्यापाशी आहे. त्या १९०८ साली टास्मानिया बेटावर जन्मल्या. सुलमन नावाचं चित्रकलेचं मोठं बक्षीस त्यांना दोनदा मिळालं, १९४२ आणि १९४४ साली. पुढे दोघं नवराबायको परदेशात, स्पेनच्या माजोर्का बेटावर राहायला गेले. १९८२ साली पती गेले. १९९१ साली त्या स्वतः गेल्या. पण जाण्याआधी त्यांनी मृत्युपत्रात हिल एंडच्या घराची व्यवस्था लावून ठेवली होती. घर सरकारच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला दिलं, आणि सोबत अट घातली की हे घर कलाकारांच्या राहण्यासाठीच वापरायचं.

बायांनो, ती एक अट बघा. एका विधवा बाईने, हजारो कोस दूर राहून, चार ओळींत लिहून ठेवलेली अट. त्या अटीमुळे ते घर टिकलं. ते ना कोणी पाडलं, ना कोणाच्या हॉटेलात गेलं. आज ‘हेफ्लिगर कॉटेज’ म्हणून ते ओळखलं जातं. नाव मात्र नवऱ्याच्या आडनावाचं लागलं, ते तेवढं आपल्यासारखंच.

हिल एंड गाव १९६७ सालीच सरकारने ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं होतं. १९९०च्या दशकापासून तिथे कलाकारांच्या मुक्कामाची रीतसर व्यवस्था सुरू झाली. बाथर्स्ट शहराचं सरकारी कलादालन ती चालवतं. घरं दोन, एक हेफ्लिगर यांचं आणि दुसरं मरे कॉटेज, जिथे फ्रेंड राहायचे. कलाकार अर्ज करतात, निवड होते, काही आठवडे राहतात, काम करतात, जातात. मग दुसरा येतो. नुसते चित्रकारच नाहीत, फोटो काढणारे येतात, मातीकाम करणारे येतात, लिहिणारे येतात. तिथे झालेल्या कामांचा संग्रह बाथर्स्टच्या कलादालनात आहे.

म्हणजे सोन्याची भरभराट चार-पाच वर्षं टिकली आणि ही चित्रकारांची ये-जा पाऊणशे वर्षं चालली आहे. हे आम्ही बैठकीत सांगितलं, तेव्हा बऱ्याच जणींच्या माना डोलल्या. पण आम्ही तिथेच थांबलो नाही. कारण कुठल्याही योजनेची पुस्तिका वाचली की सगळं गोडच दिसतं. उलटी बाजूही बघावी लागते.

पहिली उलटी बाजू. चित्रकारांनी हिल एंडची जी चित्रं काढली, त्यांतल्या पुष्कळ चित्रांत गाव ओसाड आहे. रिकामा रस्ता, मोडकं घर, लांब सावल्या. चित्र म्हणून ते सुंदर असेल. पण तेव्हासुद्धा त्या गावात माणसं राहत होती. चुली पेटत होत्या, पोरं शाळेत जात होती. पाहुण्याच्या डोळ्याला पडकं घर आधी दिसतं, राहतं घर नंतर दिसतं. फोटोंतली ती दारात ताठ उभी असलेली माणसं आठवा. दोन्हींत गाव एकच आहे. फरक एवढाच की, फोटोवाल्याने दार ठोठावलं, घरच्यांना बाहेर बोलावलं आणि मग फोटो काढला.

दुसरी बाजू. कोणाची आठवण राहते आणि कोणाची पुसली जाते? ज्यांची जमीन होती त्या विराजुरी लोकांची गोष्ट किती तरी वर्षं या सोन्याच्या कहाणीत नीट सांगितलीच गेली नाही. चिनी खाणकामगारांनी तिथे घाम गाळला, त्यांचंही तसंच. पाहुणा कलाकार आला की, तो कोणाशी बोलतो त्यावर त्याचं चित्र ठरतं. आपल्याकडे तो सरपंचांच्या ओट्यावर बसला तर गाव एक दिसेल, वस्तीवरच्या मावशींकडे चहा प्यायला तर वेगळं दिसेल.

तिसरी बाजू सांगताना जरा जड जातं, पण सांगायलाच हवी. डोनाल्ड फ्रेंड, ज्यांनी हिल एंडला घर केलं, ते मोठे चित्रकार होते. पुढे १९६०-७०च्या काळात ते इंडोनेशियातल्या बाली बेटावर बरीच वर्षं राहिले. त्यांच्या स्वतःच्या डायऱ्या त्यांच्या मागे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने छापल्या. त्यातून उघड झालं की बालीमध्ये त्यांनी लहान मुलग्यांचं लैंगिक शोषण केलं होतं. मोठा कलाकार, पैसेवाला पाहुणा, गरीब वस्ती. कोण बोलणार त्याच्यापुढे? आमच्या बैठकीत जिने “पोरी आहेत घरात” म्हटलं होतं, तिला काही जणी हसल्या होत्या. हे वाचून झाल्यावर कोणी हसलं नाही. आम्ही तिला म्हटलं, तुझं बरोबर होतं. आणि धोका नुसता मुलींनाच असतो असं नाही, मुलग्यांनाही असतो.

कोणी म्हणेल, एका माणसावरून सगळे कलाकार वाईट ठरवता का? नाही ठरवत. बँकेचा अधिकारी चांगला आहे म्हणून आपण पावती न घेता पैसे भरतो का? माणूस चांगला असला तरी पावती घ्यायची. इथेही तेच.

हे सगळं ऐकून झाल्यावर आमच्या गटाने तीन बैठका घेतल्या. भांडणं झाली, एक दिवस दोघी उठून गेल्या आणि दुसऱ्या बैठकीला परत आल्या. शेवटी इतिवृत्ताच्या वहीत अटी लिहून काढल्या. तुमच्या गावात असे कोणी आले, मग ते चित्रकार असोत, सिनेमावाले असोत, पर्यटनवाले असोत, तर तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून वाचून दाखवतो.

पहिली अट घराची. घर आजींच्याच नावावर राहील. आम्ही आधी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना आठचा उतारा काढला. बघतो तर घर अजून वारलेल्या आजोबांच्याच नावावर. वारस नोंदीचा अर्ज आता कुठे दिला आहे. नऊ वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मैत्रिणींनो, आज घरी जाऊन एवढं तरी बघा, तुमच्या घराच्या उताऱ्यावर कोणाचं नाव आहे. करार अकरा महिन्यांचाच करायचा, लेखी, साक्षीदारांसह. भाडं आजींच्या स्वतःच्या बँक खात्यात.

दुसरी अट डागडुजीची. माळवद, भिंत, तुळया यांना हात लावायचा तर आजींना विचारून. सिमेंट थापून मातीची भिंत कोंडायची नाही, ती आतून ओल धरते आणि सुटते. लिंपणाचं काम गावातल्या ज्यांना येतं त्यांनाच द्यायचं आणि त्याची पूर्ण मजुरी द्यायची. हौस म्हणून करवून घ्यायचं नाही.

तिसरी अट जेवणाची. ताटाचा दर आधी ठरेल. पाळीपाळीने गटातल्या बायका डबा देतील, हिशोब दर आठवड्याला, रोख उधारी नाही. आमच्या घरात जे शिजतं तेच मिळेल. चुलीवरचं जेवण म्हणून कोणी मुद्दाम चूल पेटवायला सांगू नये. गॅस मिळवायला आम्ही किती खेटे घातले ते आम्हालाच माहीत.

चौथी अट चित्राची आणि फोटोची. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो नाही, चित्र नाही. ज्या बाईचं चित्र काढलं, तिला ते आधी दाखवायचं. तिची इच्छा असेल तर चित्राखाली तिचं नाव लिहायचं. ‘एक ग्रामीण स्त्री’ असं लिहायचं नाही. कोणी आमच्या गोधडीची किंवा रांगोळीची नक्षी उचलली तर जिची नक्षी, तिचं नाव आणि तिचा मोबदला.

पाचवी अट मुलांची. येणाऱ्याचं ओळखपत्र आणि पत्ता पोलीस पाटलांकडे नोंदवायचा. मुलांना चित्रकला शिकवायची असेल तर शाळेत किंवा समाजमंदिरात, उघड्या दाराने, गटातल्या दोन बायका हजर असताना. त्या घरात एकट्या मुलाला किंवा मुलीला बोलावायचं नाही. खाऊ, मोबाइल, पैसे द्यायचे नाहीत. ही अट मोडली तर त्याच दिवशी कुलूप. आणि तेवढ्यावर न थांबता पोलिसांत तक्रार. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर आहे, तो आम्ही दारावरच लिहिणार आहोत.

सहावी अट जाण्याआधीची. निघण्यापूर्वी देवळासमोरच्या पटांगणात सगळ्या गावाला काम दाखवायचं. आणि एक तरी चित्र गावात ठेवून जायचं. हिल एंडची चित्रं बाथर्स्टच्या, सिडनीच्या दालनांत आहेत. आमची इच्छा अशी की एक चित्र तरी आमच्या शाळेच्या भिंतीवर असावं. पोरांना कळू दे की आपली भिंतसुद्धा कोणी बघत बसण्यासारखी आहे.

या अटी आम्ही शिक्षकांना कळवल्या. वाटलं होतं, ते रागावतील, म्हणतील बायका फारच शहाण्या झाल्या. त्यांनी दोन दिवस मागून घेतले. मग फोन आला. पाच अटी मान्य. नाव लिहिण्याच्या अटीवर त्यांना बोलायचं आहे, म्हणाले. या. बोलू.

अजून सगळं जमलेलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. आजींच्या थोरल्या मुलाला लाकडाचे एकरकमी पैसे हवे आहेत. त्याचीही अडचण खोटी नाही, त्याच्यावर कर्ज आहे. भाड्याचे महिन्याचे पैसे त्या रकमेपुढे थोडेच दिसतात. गटातल्या तीन घरांचा अजून विरोध आहे आणि त्यांना आम्ही गप्प बसवणार नाही. म्हणून ठराव एवढाच झाला आहे की, वारस नोंद झाल्यावर पहिल्यांदा एकाच कलाकाराला, एकच महिना. तो महिना संपला की पुन्हा बैठक. पटलं तर पुढे, नाही पटलं तर किल्ली परत.

शेवटची बैठक संपताना आम्ही आजींना विचारलं, “आजी, घर तुमचं. तुमच्या मनात काय आहे?” आजी म्हणाल्या, “त्या बाईनं कागद करून ठेवला, तसा मलाबी करायचाय. आधी माझं नाव लागू द्या. मग कोन ऱ्हाईल आन् कोन न्हाई, ते मी सांगीन.”

तर मैत्रिणींनो, हिल एंडच्या त्या बाईंचं मृत्युपत्र आमच्या आजींपर्यंत असं पोचलं. तुमच्या गावात बंद पडलेलं घर असेल, त्यावर कोणाचा डोळा असेल, किंवा कोणी पाहुणा येऊ बघत असेल, तर तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. उतारा सोबत ठेवा आणि बोललेलं सगळं वहीत लिहून, सह्या-अंगठे घेऊन ठेवा. आमच्या अटींत काही राहून गेलं असेल तर आम्हालाही कळवा, आमची वही अजून उघडीच आहे.

पुढच्या वेळी पहिला पाहुणा येऊन गेला की काय झालं, ते चांगलं-वाईट सगळं सांगू. तोवर सांभाळून राहा. नमस्कार.